वाळूतली सरळ रेघ

✝

सान लासारो, चिवावा
मंगळवार, ११ नोव्हेंबर १९५८

प्रिय एर्मिनिया,

पवित्र मातेची सावली तुझ्यावर असो. तू बसवाल्याबरोबर पाठवलेली पेटी शनिवारी मिळाली. सुके जर्दाळू दोन किलो, काळ्या दोऱ्याची सहा रिळं, मेणबत्त्या एक डझन. त्यातली एक मोडली आहे, पण जळायला मोडकी काय नि धड काय, सारखीच. बसवाल्याने दीड पेसो घेतला. तुझ्याशी एक ठरला होता ना? पुढच्या खेपेला चिठ्ठीत रक्कम लिहून देत जा, म्हणजे त्याला हुज्जत घालता येणार नाही. त्याच दिवशी टपालाने कोल्बीबाईंचं मोठं पाकीट आलं. तिकिटं त्यांनी भरपूर लावली होती, तरी सीमेपलीकडचं म्हणून दोन पेसो चाळीस सेंताव्हो भरावे लागले.

टपाल कचेरीतल्या चायोबाईने पाकीट हातावर तोललं आणि म्हणाली, "वाळूचेच फोटो ना गं? वाळू तर तुझ्या घेवड्यातही निघते, तिचे कोणी दोन चाळीस देत नाही." मी हसले. घरी येऊन रक्कम वहीत मांडली आणि मगच पाकीट फोडलं.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी लवकर आली. एक शेळी व्याली, दोन्ही करडं जगली. पाद्रीबाबा आता थेट तीस तारखेला येतील. मार्चपासून ते सहा वेळा येऊन गेले. सहाही वेळा मी मागच्या बाकावर बसून राहिले, पापकबुलीला गेले नाही, वेदीपाशीही गेले नाही. गुडघा दुखतो असं सांगितलं. गुडघ्याला काही झालेलं नाही.

आधी फोटोंचं सांगते.

कोल्बीबाई तुला आठवत असतील. उंच, पिकलेल्या केसांच्या, पुरुषी टोपी घालणाऱ्या. तुझा लिब्रादो त्यांना बगळीण म्हणायचा. वाळूचे फोटो काढायला दर हिवाळ्यात दोन-तीनदा येतात. तुझ्या नवऱ्याचा ट्रक आणि माझ्या नवऱ्याचे पाय, असा तो धंदा होता. उजाडायच्या आत पोहोचायचं, टेकड्यांच्या पायथ्याने कडक जमिनीवरून जायचं, वाळूच्या अंगाला पाय लावायचा नाही. कोवळ्या उन्हात एक पाऊल जरी उमटलेलं असलं तरी फोटोत ते विहिरीएवढं दिसतं म्हणे. परतताना आमचे आन्सेल्मो मेस्कीतच्या झुडपाची फांदी घेऊन मागचे सगळे ठसे झाडून काढतात. "आपण आलोच नव्हतो असं वाळूला वाटलं पाहिजे," असं ते गिऱ्हाइकांना सांगतात, आणि गिऱ्हाईक खूश होऊन ठरल्यापेक्षा पाच पेसो जास्त देतं. अकरा वर्षांत ही सवय इतकी अंगी मुरली आहे की कोंबड्यांना दाणे टाकून येतानासुद्धा ते अंगणात मागे वळून बघतात.

पाकिटात आठ फोटो होते. सात नेहमीसारखे. वाळू कशी, तर इस्त्री करून घडी घातलेल्या चादरीसारखी. घडीची एक बाजू दुधासारखी, दुसरी काजळासारखी. आठवा बाईंनी ऑक्टोबरात काढला. आन्सेल्मो खेचर बांधत होते तेवढ्यात बाई एकट्याच पश्चिमेच्या कण्यावर, वाळूच्या उंच धारेवर, चढल्या. पश्चिमेकडे आन्सेल्मो मार्चपासून कोणाला नेत नाहीत. तिकडे साप फार झालेत म्हणतात. फोटोत खाली एक खळगा आहे आणि खळग्यात दोन बारीक काळ्या रेघा, शेजारी शेजारी, एक लांब आणि एक आखूड. मला वाटलं, फोटोवर ओरखडा आला.

सोबत बाईंची चिठ्ठी होती, त्यांच्या तोडक्यामोडक्या भाषेत. वाळू कधी सरळ रेघ ओढत नाही, मग हे काय आहे, असं विचारलं होतं. ऊन वर चढल्यावर तिथे काहीच दिसलं नाही. फक्त पहिल्या उन्हात सावली पडते. सगळ्यांत सुंदर फोटो हाच आहे, तिथे मला पुन्हा न्या, अगदी जवळ.

दोन चाळीस कशाचे गेले हे आन्सेल्मोंना दाखवायला हवं, म्हणून जेवायच्या वेळी मीच आठही फोटो त्यांच्यापुढे ठेवले. माझा हिशेबीपणा तुला ठाऊक आहे. तेवढा एक दिवस तो नसता तर बरं झालं असतं. सात फोटो त्यांनी पत्त्यांसारखे भराभर बघितले. आठव्यावर अंगठा ठेवला, खालच्या कोपऱ्यात, आणि उचलला नाही. मग म्हणाले, "चांगला आलाय," आणि फोटो पालथा घालून शेळीकडे गेले. ते बाहेर गेल्यावर मी तो उलटून अंगठ्याखालची जागा नीट पाहिली.

एर्मिनिया, आता खुर्चीवर बस आणि मग पुढे वाच.

लिब्रादोने ट्रकच्या टपावर सामान बांधायला लाकडी चौकट केली होती. एका बाजूची दांडी वीतभर आखूड, लाकूड पुरलं नाही म्हणून. तू त्याला म्हणायचीस, "ट्रकपण तुझ्यासारखाच अर्धवट." ती चौकट आहे ती. वरची वाळू वाऱ्याने गेली असेल. खाली ट्रक उभा आहे.

ट्रक विकून तो उत्तरेला गेला नाही.

एकोणीस मार्चला, संत योसेफाच्या सणाला, त्याला हुआरेसच्या बसमध्ये चढताना पाहिलं असं मी तुला सांगितलं. अंगात हिरवा कोट, हातात पुठ्ठ्याची पेटी, शेजारी कोणी बाई. मी काही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी बसच्या रस्त्याला गेलेच नव्हते.

लिब्रादो आणि आन्सेल्मो अंधारातच ट्रकने गेले होते. गिऱ्हाईक नव्हतं, नवी वाट शोधायला जातो म्हणाले. आठवडाभर दोघांचं बिनसलेलं होतं, कारण ट्रक माझा आहे, यापुढे गिऱ्हाइकं मी एकटाच नेणार, असं लिब्रादो म्हणू लागला होता. दुपारी आन्सेल्मो एकटे चालत आले. आल्या आल्या स्वतःचा शर्ट धुतला. एकवीस वर्षांच्या संसारात त्यांनी कधी रुमाल धुतलेला नाही. मग जेवायला बसले, आणि पोळी मोडता मोडता म्हणाले, "लिब्रादो गेला. बाईच्या नादाने गेला. तू त्याला बसमध्ये पाहिलंस म्हणून एर्मिनियाला सांग, म्हणजे ती बिचारी वाट बघत बसणार नाही." मला वाटलं, तुझी दया येतेय त्यांना. देवाला स्मरून सांगते, एक दिवस मला तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी खोपटात फांद्यांच्या मागे लिब्रादोची पाण्याची बाटली सापडली. तू जिला निळ्या घोंगडीचं कापड शिवलं होतंस ती. अर्धी भरलेली होती. वाळूत कोणी आपलं पाणी दुसऱ्याच्या हाती देत नाही, हे इथल्या पाळण्यातल्या पोरालाही कळतं. मलाही कळलं. तरी संध्याकाळी मी तुझ्या घरी आले आणि बसची गोष्ट सांगितली. हिरवा कोट तर मला कोणी सांगितलाच नव्हता. तो मी माझ्या मनाने घातला, तुला खरं वाटावं म्हणून.

तिथे काय घडलं ते मी पाहिलेलं नाही. मारलं, की ट्रक वाळूत रुतल्यावर पाण्यावाचून सोडून आले, मला माहीत नाही. येताना ठसे झाडत आले असणार, एवढंच माहीत आहे.

तू त्याला शाप दिलास. त्याचे शर्ट वाटून टाकलेस. गाव सोडून पारालला गेलीस. तो कुणाबरोबर पळाला नव्हता गं.

दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, मी गेलेल्यांच्या नावाने पाव मांडले. आईचा, बाबांचा, माझ्या बाळाचा. हात थांबला नाही, चौथाही मांडला गेला. आन्सेल्मोंनी मोजले आणि विचारलं, "हा चौथा कुणाचा?" मी म्हटलं, ज्यांना कोणी नाही त्यांचा. त्यांनी तो पाव उचलला आणि माझ्याकडे बघत उभ्या उभ्या सगळा खाल्ला. कणही खाली पडू दिला नाही.

आता खरं काम.

शनिवारीच, जेवण झाल्यावर, त्यांनी मला कोल्बीबाईंना उत्तर लिहायला बसवलं. त्यांची पत्रं मीच लिहिते, त्यांना सहीपुरतंच येतं. त्यांनी सांगितलं ते असं: "शनिवारी, पंधरा तारखेला, पहाटे या. तिथे नेतो. बरोबर कोणाला आणू नका, पावलं फार उमटतात. फोटो जिच्यावरून छापला ती मूळ काच घेऊन या, म्हणजे जागा ओळखायला सोपं जाईल." आठ महिने ज्या जागेचं नाव काढू दिलं नाही, तिथे न्यायला एका शब्दात तयार. मी लिहीत गेले. ज्या अक्षरांत तुला वर्षाच्या सणांना शुभेच्छा येतात, त्याच अक्षरांत त्या बाईला बोलावणं गेलं. पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं नाही, स्वतः बसवर नेऊन दिलं. घरातला फोटो चुलीत घातला. काल बाईंची तार आली: एकटी येते, काच आणते.

त्यांना उलट तार करावी, तर तार मारणारा आन्सेल्मोंचा चुलतभाऊ. ठाणेदार रोज आमच्याच अंगणात डोमिनो खेळतो. बाई शुक्रवारी संध्याकाळी पोहोचतील, पण हे त्यांना माझ्याजवळ घटकाभर एकटं सोडायचे नाहीत. आणि सोडलं तरी, ज्या बाईला वाळूतली रेघ सुंदर दिसते, तिला मी चार शब्दांत काय समजावणार?

म्हणून मी बरोबर जाणार आहे. थंडीचं बाईमाणूस येतंय, मी कॉफी आणि पोळ्या घेऊन येते, असं काल त्यांना म्हटलं. ते बराच वेळ फांदीची पानं खुडत बसले. मग म्हणाले, "तुझा गुडघा दुखतो ना?"

मी म्हटलं, "आता नाही दुखत."

"बरं. पण माझ्या मागून चालायचं. माझ्या पावलावर पाऊल टाकून."

मी त्यांच्या पावलावर पाऊल टाकणार नाही. आईचे खिळे मारलेले जोडे तेल लावून ठेवलेत. उजाडलं की मी कण्यावर चढणार आणि त्या खळग्यात सरळ खाली उतरणार, बाईंच्या डोळ्यांदेखत, वाळूच्या अंगावरून. फोटो नासला तर नासो. त्या रेघांपाशी जाऊन गुडघे टेकणार आणि लिब्रादोचं नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना म्हणणार. नाव तर बाईंना कळेल. दोन बायकांना एका सकाळी झाडून टाकायला फांदी पुरणार नाही, असं मी मनाला सांगते. पुरलीच, तर निदान त्याच्यासाठी कोणी प्रार्थना म्हटली असेल.

तुझी पेटी रिकामी परत पाठवते आहे, असं बसवाल्याला वाटेल. वरचे जुने कागद काढ. तळाशी बाटली आहे. आतलं पाणी मी ओतलं नाही. बसवाल्याला एकच पेसो दे, बाकीचे मी दिलेत.

हे पत्र मिळेल त्या संध्याकाळपासून त्याच्यासाठी नऊ दिवसांची जपमाळ धर. मीही इथे धरते, त्या मोडक्या मेणबत्तीवर. तुझ्याकडे क्षमा मागत नाही. आधी तुला खरं सांगायला हवं होतं, ते आता सांगितलं.

उत्तर मात्र उलट टपालाने धाड. चार ओळी पुरेत, शिव्या असल्या तरी चालतील. पाकिटावर 'ओतिलियाच्याच हाती द्यावं' असं ठळक लिही. चायोबाई तोंडाची फटकळ आहे, पण पत्र भलत्याच्या हाती देत नाही. पुढच्या मंगळवारी सकाळी मी कचेरीच्या दारात उभी असेन आणि पत्र मिळाल्याचं तिथूनच दोन ओळींत कळवेन. पण तुझं पाकीट न फोडता तुझ्याकडे परत आलं, तर पाद्रीबाबांना आणि पारालच्या दोन-चार खमक्या माणसांना घेऊन ये. गावात थांबू नकोस, कोणाला विचारू नकोस. उजाडायच्या आत पश्चिमेच्या कण्यावर चढ आणि खळग्यात बघ. माझे ठसे तोवर वाऱ्याने गेलेले असतील. पण ऊन आडवं आहे तोवर सरळ रेघा दिसतील; मग किती आहेत त्या मोज. दोन लिब्रादोच्या आहेत.

तुला खोटं सांगणारी तुझी बहीण,
ओतिलिया