विलायती पडद्याची वाटणी

आलेला माल: लोकरीच्या विणीचा विलायती भिंतपडदा, नग एक, रु. २२००. टेम्पोभाडे धुळे ते असोदा, रु. १४०. पितळी दांडी व कड्या, रु. ६१. नारळ-उदबत्ती, रु. ४, चित्रात देवी आहे असे कळल्यावर हा खर्च मी केला. सन १९८१.

मी द्रौपदाबाई अभिमन चौधरी, वय ६७, शिक्षण मॅट्रिक, काम घरचे, राहणार असोदा, जिल्हा जळगाव. डोके ठिकाणावर आहे. हात कापतो, पण तो कोणी धरलेला नाही. माझ्यामागे भांडण नको म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

१. मळ्यातला बंगला व जमीन मुलगा सुकदेव याची. यजमानांनी केळीच्या पैशावर बंगला हौसेने बांधला. झाडझूड कोण करणार, हे विचारले नाही.

२. देवघर, टाक, समई सूनबाई बेबाबाईची. नैवेद्याला गूळ चालतो, रोज पेढे आणू नयेत.

३. पितळी घंगाळ दीर आधारभाऊंनी लग्नाला म्हणून नेले. ते त्यांच्याकडेच राहो. मात्र मी खुशीने दिले, असे कोणी सांगू नये.

४. आता पडदा. यजमानांनी तो धुळ्याच्या एका जुन्या बंगल्याच्या लिलावात घेतला. त्यावर परदेशी पुराणातली देवी सख्यांसह आंघोळ करते आहे आणि झाडाआड शिकारी आहे. त्याने चोरून पाहिले म्हणून देवीने त्याचे हरीण केले, मग त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडले. ही कथा यजमानांनी मला सांगितली होती. मला माहीत नव्हती, असे म्हणायला जागा नाही.

मुलगी मंदा हिला पाहायला धुळ्याकडचे पाहुणे आले, ते याच पडद्यासमोर बसले. मुलाचे मामा म्हणाले, "या घरम्हा देव्या बी उघड्या शेतस, मंग पोर कशी व्हई?" देव्या उघड्या म्हणून मी हात जोडून माफी मागितली. मंदा पोह्यांचा ट्रे धरून उभी होती. म्हणाली, "माफी आपण का मागायची, आई? मघापासून हे मामाच टक लावून बघताहेत."

मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तोंड आवर, निर्लज्ज."

सोयरीक मोडली. दुसऱ्या दिवशी मी माझ्या ठेवणीतल्या खणांच्या चोळ्या बेतून देवीला आणि सख्यांना शिवल्या. मंदा बॅग भरत म्हणाली, "कापड वाया घालवलंस. एक पट्टी मामांच्या डोळ्यांना पुरली असती." ती धुळ्याला शाळेत शिकवते. या घरात पुन्हा आली नाही.

पडद्यासमोरून जाताना मी मान वर करत नाही. त्या बायांच्या उघडेपणाची लाज केव्हाच गेली; आता चोळ्यांची वाटते. सुकदेव म्हणतो, "माय, चोळ्या उसव, मुंबईचं गिऱ्हाईक चांगला भाव देईल." पडदा विकायचा नाही. तो मंदाचा. चोळ्या मी उसवणार होते, पण तिला न विचारता त्या बायांच्या अंगाला पुन्हा हात लावणे बरे वाटेना.

साक्षीदार: यादव पुना पाटील, अमीन चांद पिंजारी.
सही: द्रौपदाबाई अभिमन चौधरी
असोदा, ७ फेब्रुवारी १९९३

चि. मंदास,
नोंदणी पुढल्या महिन्यात आहे, म्हणून ही नक्कल आधी तुला पाठवते. 'निर्लज्ज' हा शब्द त्या बैठकीत तुझा नव्हता, दुसऱ्यांचा होता. मी तुझ्यावर टाकला. पडदा घेशील का, उलट टपाली कळव. नको असेल, तरी कळव.