बारके भडके

२ फेब्रुवारी, रहिमतपूर
उशिरा लिहितोय, माफी असावी. इस्लामपूरहून आल्यापासून पेन हातात घेतलंच नव्हतं.
विलासनं, माझ्या मुलानं, तिथं अमृतासाठी पाहुणे बोलावले होते. अ. माझी नात, गुजरातेत संशोधनाला. नवऱ्या मुलाचा बाप चहा ढवळत म्हणाला, "लग्नानंतर न्होकरी सोडावी लागंल बरं का." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मग एकदम उसळलो. काय काय बोललो, निम्मं आठवत नाही. कपबशी फुटली एवढं खरं. विलासनं त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले. रविवारपर्यंत पोरीचा होकार कळवतो म्हणाला.
बोललो ते चूक नव्हतं. पण ब्लडप्रेशर...

३ फेब्रु.
अ.चा फोन. वाटलं रडेल. हसली. "आप्पा, तुमचा कडेचा भडका उडाला."
तिचं कामच ते. सूर्यासारखा तापलेला वायू लोहचुंबकानं अधांतरी धरतात, भांड्याला टेकू देत नाहीत. पण त्याच्या कडेला ताण साठतो आणि भडका उडतो. ती धग तळाच्या धातूच्या तबकड्यांवर आदळते. धातू झिजतो, वितळतोसुद्धा. मग म्हणाली, "आम्ही त्याला गोठवलेल्या वायूच्या गोळ्या मारतो."
छान. गार करत असणार.

४ फेब्रु.
चहाच्या टपरीवर सांगितलं. सलीम पंक्चरवाला म्हणाला, "आवं आप्पा, म्हंजी नात गोळेवाली झाली की! काला खट्टा मिळतो का तितं?" सगळे हसले. चहा अर्धा टाकून आलो.
नंतर दुसरीच काळजी लागली. भडका पोरीच्या अंगावर आला तर? फोन लावला. "तू किती लांब उभी असतीस गं?"
"दुसऱ्या खोलीत, आप्पा. चहा पीत."
"आन् त्या गोळ्या?"
"गार करायला नाहीत हो! गोळी मारून मुद्दाम बारका भडका काढायचा. पुन्हा पुन्हा. म्हणजे मोठा साठत नाही."

५ फेब्रु.
दिवसभर तेच डोक्यात. ड्रायव्हर होतो तेव्हा कोयनेच्या घाटात गाडी तापली की रेडिएटरचं झाकण ओल्या फडक्यानं जरासंच सैल करायचो, वाफ फुसफुस जाऊ द्यायची. एकदा घाईत सगळं उघडलं. हातावरचा डाग अजून आहे.
इस्लामपुरात तेच केलं मी. जन्मभर झाकण दाबून बसलो आणि मग एकदम.
विलासला फोन केला. एकच वाक्य. "पोरगी न्होकरी सोडणार न्हाई." ठेवला.

६ फेब्रु.
सकाळी पुन्हा. "तिच्या होकाराबिगर तू कुणाला शब्द द्यायचा न्हाईस." ठेवला. छाती धडधडली, पण थोडीच.
संध्याकाळी तिसरा. विलास वैतागला. "आप्पा, रोज काय लावलंय ह्ये?"
"गोळी मारतोय."
"डॉक्टरकडं चला तुमी."
"येतो की. पोरगी मातूर तितंच ऱ्हाईल."
ह्या खेपेला मी लगेच फोन ठेवला नाही, त्यानंही आपटला नाही. मग म्हणाला, "तिचं वय निघून चाललंय, आप्पा." आवाज बारीक झाला होता. त्याचीही काळजीच आहे, हे कळतं मला. तरी माघार नाही.

७ फेब्रु.
अ.चा निरोप. उद्या त्यांची मोठी चाचणी. ती आटोपली की बाबांशी स्वतःच बोलते म्हणाली. "तुम्ही मधे पडू नका, आप्पा."
बरं. पण बापापुढं तिची जीभ चाचरते, लहानपणापासून. "बाबा म्हणतील तसं" म्हणून गेली तर?

८ फेब्रु., रविवार
सकाळपासून फोन मांडीवर. दोनदा चार्जिंगला लावला, भरलेलाच होता. विलासला लावला तर एंगेज लागतोय. कुणाशी बोलतोय? पाहुण्यांशी की पोरीशी?
सलीम दारात डोकावला. "काय आप्पा, गोळे इकले का?" म्हटलं, "इकायचे न्हाईत, मारायचेत. बस इतं, समजावतो." बसला. आता तोही फोनकडं बघतोय.
अमृता, नोकरी सोडायला तू हो म्हणालीस तरी मी नाहीच म्हणणार, हे लिहून ठेवतो. पण तू काय म्हणालीस गं? तबकडी टिकली का? आणि तू? लवकर कळव, पोरी. एक मिसकॉल दे नुसता.