चिलटखाऊ

४ ऑक्टोबर
एक झाड मेलं. तांदळाचं धुवण घातलं मी. कढीपत्त्याला घालते, तो माजलाय नुसता. हे आठ दिवसांत बुडापासून कुजलं. संध्या म्हणाली, "आई, बटरवर्टला खतपाणी चालत नाही. चिलटं धरून पोट भरतं ते. हे सांगायचे ना."
हे म्हणजे बुद्धभूषण. माझा मुलगा, तिचा नवरा. मार्चमध्ये गेला. झाडं त्याची. पाच होती, चार राहिली.

५ ऑक्टोबर
रडू नाही आलं. मुलगा गेला तेव्हा आलं नाही, झाडाला कुठून येणार.

८ ऑक्टोबर
नळाचं पाणीही नको ह्यांना. एसीचं गळतं ते लागतं. शेजारी नोराकडे आहे एसी, उत्तन गावची ती. बुद्धभूषण तिच्याकडनं बाटली भरून आणायचा, आता मी आणते. नोरा म्हणते, "मावशी, लोक तीर्थ नेतात, तू आमच्या एसीचं पाणी नेते." म्हटलं, तीर्थाने चिलटं मरत नाहीत बाई.
मी बोलते, मोबाईल लिहितो. त्यानेच शिकवलं. मला वाचता येत नाही — बोललेलं परत बघायची भीती नाही.

१४ ऑक्टोबर
पान असं चिकट, जसा तुपाचा हात पुसलाय. चार चिलटं अडकली. बघत बसले. दुपार गेली.

१९ ऑक्टोबर
परभणीहून संध्याच्या भावाचा फोन. उत्तमचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो. "ताई, माणूस चांगला आहे. शिक्षक आहे. तू छत्तीसची, मूल ना बाळ. किती दिवस बसणार?"
"आईंना कोण बघणार? विषय बंद."
मी तेच ताट तीनदा पुसलं. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू.

२० ऑक्टोबर
जेवले. झोपले.

२६ ऑक्टोबर
संध्याने आज पहिल्यांदा झाडाला हात लावला. एकाची दोन कशी करायची ते दाखवलं. पान बुडापासून अलगद ओढायचं, अर्धं तुटलं तर कुजतं. मग ओल्या रेतीवर ठेवायचं. मी म्हटलं, "मूळ नाही, जगणार कसं?"
"जगतं आई. हे करायचे."

२२ नोव्हेंबर
पानाच्या बुडाशी हिरवा ठिपका! चष्मा लावून बघितला. संध्याला हाक मारली, "ये गं, बघ तुझं पोर." चेष्टाच केली.
ती हसली. मग न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. टाकी रिकामी होईल म्हणणार होते.

२३ नोव्हेंबर
संध्या कामावर गेली, तशी नोराकडून उत्तमला फोन लावून घेतला. म्हटलं, "जयभीम. त्या मास्तरांना रविवारी इकडेच घेऊन ये. मटण मी करते."