वर केलेले हात

रविवार, संध्याकाळ

आज उल्हासनगरला मावसबहिणीच्या लग्नात बाबांनी परत तेच केलं. हॉलमधून निघताना युनिफॉर्ममधला बँडवाला दिसला, तर त्याच्यापुढे दोन्ही हात वर करून उभे राहिले. अंबरनाथच्या कंपनीत तीस वर्षं, रोज घरी निघताना गेटवर अशीच झडती द्यायचे. हल्ली सगळं विसरतात, हे मात्र नाही. लोक हसायला लागले.

"बाबा, हात खाली घ्या! लोक बघतायत ना!" ओरडलेच मी. हातही खसकन ओढले. का ओढले?

घरी कुलूप काढून आत शिरले, वळून बघते तर बाबा उंबऱ्याबाहेरच. माझ्यापुढे हात वर करून.

"बघून घ्या मॅडम. काही घेतलं नाही मी."