टेकू वाजतोय, भावोजी

मु. पो. नॉर्डाल, विस्कॉन्सिन
बटाटे काढून झाले त्या आठवड्यातला मंगळवार

चि. गेलन भावोजींना आर्डिसवहिनीचे अनेक आशीर्वाद (साठी उलटली तरी दीर तो दीर, चि.च लिहिणार).

इकडे सगळं क्षेम आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? लॉर्नाचा दमा त्या कोरड्या हवेत निवळला हे वाचून बरं वाटलं. तुम्ही अंगणात निवडुंग लावलात असंही तिनं कळवलंय. लोक निवडुंग उपटून टाकतात, तुम्ही विकत आणून लावता, ॲरिझोनाला गेल्यावर माणसाचं असंच होत असेल. असो. यंदा बटाटा भरपूर आलाय, लेफ्सेच्या बटाटापोळ्या लाटून लाटून माझे खांदे भरून आले आहेत. स्वेन कुत्रा म्हातारा झालाय पण चुलीखालची जागा सोडत नाही (सोडत नव्हता म्हणायला हवं, त्याचं पुढे येईलच). तुमचे दादा ठणठणीत आहेत. जेवतात, झोपतात, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत नाहीत, आता ह्याहून ठणठणीत नवरा कुठे मिळायचा? पण भावोजी, यंदा आमच्या घरात एक टेकू शिरला आहे आणि तो तुम्ही धाडलात, म्हणून आधी तुमच्याशी भांडते, मग बाकीचं लिहिते.

(लॉर्ना तुमच्या खांद्यावरून वाचत असेलच, तिच्यासाठी सांगते. धनुष्याच्या मुठीवर एक एवढासा दांडा असतो, दोरी ओढताना बाण त्याच्यावर टेकतो आणि सुटताना त्याच्यावरून घसरतो. तोच टेकू. दिसायला काही नाही, पण तो जर वाजला तर हरीण पुढच्या जिल्ह्यात जाऊन पाणी पितं.)

नाताळात तुम्हा दोघा भावांचा फोन झाला तो आठवतोय ना? मी शेजारीच मोजा विणत होते. तुम्ही म्हणालात, म्हणजे ओरडलात, की नवा टेकू असा घेतलाय, मुंगीच्या पावलाएवढाही आवाज नाही! तुमचे दादा ओरडले, हो ना, बर्फाखाली मासे यंदा कमीच. तुम्ही म्हणालात, अगदी तोच, तीच कंपनी! असं तासभर चाललं आणि दोघांनी अगदी तृप्त होऊन फोन खाली ठेवला. मी म्हटलं काय म्हणत होते भावोजी, तर म्हणे मजेत आहे. मग तुम्ही टेकूचं चित्र कापून पाकिटातून धाडलंत आणि सगळं रामायण तिथून सुरू झालं. कारण तुमच्याकडे जे आहे ते ह्यांच्याकडे नसावं, असं आजवर कधी घडलंय का? तुम्ही बर्फ उडवायचं यंत्र घेतलंत, तर आमच्या दारात त्याहून रुंद यंत्र. तुमच्या पित्ताशयातला खडा निघाला, तर हे डॉक्टरकडे जाऊन सांगून आले, माझाही बघा, असणारच! (नव्हता. महिनाभर हिरमुसले होते.) तर तो टेकू आला. शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी हे पहाटे मचाणावर चढले आणि मी परसात भोपळे गोळा करत होते. सफरचंदांच्या झाडांखाली तो मोठा नर आला, नवरदेवासारखा सावकाश. ह्यांनी दोरी ओढली आणि भावोजी, अख्खं शेत ओलांडून मला भोपळ्यांत ऐकू आलं, कर्र्र्र! नवरदेव शेपटीचं पांढरं निशाण फडकावत मांडवातून पळाला. हे खाली उतरले आणि म्हणाले, वारा फिरला. वारा? झाडाचं पान हलत नव्हतं.

मग वारा काही दर वेळी फिरेना, तेव्हा संशय टेकूवर आला. मी म्हटलं, देव पावला. आम्ही रॉलीच्या दुकानात गेलो. रॉली भला माणूस, त्यानं काउंटरवर टेकूच टेकू मांडले. एक होता ब्रशचं कडं असलेला, बाणाला चहूबाजूंनी केसांत धरणारा, अगदी मुका. रॉलीनं तो दोनदा पुढे सरकवला. ह्यांनी दोनदा मागे सारला, ब्रश दात घासायला असतो म्हणाले. मग डोळे मिटून, मान तिरकी करून, गवयानं तंबोरा लावावा तसं एकेका टेकूवरून बाण ओढून बघू लागले. दुकानात होते ते सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे. आणि हो, ह्यांनी निवडला कोणता, तर उघड्या लोखंडाचा, जो आपल्या जुन्या गोठ्याच्या फाटकासारखा किंचाळत होता तोच! म्हणाले, हा खरा शांत. रॉलीनं घसा खाकरला आणि म्हणाला, "हा जरा... वेगळा आहे, ऑर्लिन."

आपल्या गावचं 'वेगळा आहे' तुम्ही विसरला नसाल. इथे कुणी कुणाला वाईट म्हणून म्हणत नाही, जीव गेला तरी. माझ्या लग्नातल्या केकचा पहिला घास घेऊन तुमच्या आई म्हणाल्या होत्या, वेगळाच झालाय गं. ते मी अजून विसरलेले नाही (देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो, केक करपला होता). तेव्हा रॉली बोलायचं ते सगळं बोलून चुकला होता. ज्याला कळायचं त्याला कळलं असतं, पण आधी ऐकू तर यायला हवं! गाडीत बसल्यावर मी स्पष्टच सांगितलं, "अहो, टेकू वाजतोय!"

"साजतोय ना?" हे खूश होऊन म्हणाले. "मलाही तेच वाटलं. धनुष्याच्या रंगाला अगदी शोभतो."

आता काय करावं कप्पाळ! रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी ह्यांनी धनुष्य आणून सगळ्यांना टेकू दाखवला, म्हणजे ऐकवला. पास्टरबाईंच्या हातून लिंबाच्या वड्यांची बशी पडली. पण बोलणार कोण? सगळे एकामागून एक येऊन सांगून गेले, वेगळा आहे हो, फारच वेगळा. आणि हे आपले प्रत्येकाला मान लववून आभार मानतायत. मी रागानं तीन कप कॉफी प्यायले. घरी ह्यांनी सराव सुरू केला की स्वेन चुलीखालून उठून, दार नाकानं ढकलून, थेट गोठ्यात जाऊन बसतो. कुत्र्याला जे कळतं ते सबंध नॉर्डालला कळतं, फक्त ज्याचं धनुष्य त्याला कळत नाही.

मी कानांचा विषय काढला नाही असं समजू नका. काढला. कान माझे उत्तम आहेत, हल्ली लोकच पुटपुटतात, असं उत्तर मिळालं. तरी गोड बोलून, लेफ्से खाऊ घालून, कानाच्या डॉक्टरकडे धाडलं. तासाभरात परत! मी म्हटलं काय म्हणाले डॉक्टर? तर म्हणे, बसलो होतो, कुणी बोलावलंच नाही, म्हणजे तपासायची गरज नसणार. मागाहून तिथल्या मुलीचा मला फोन आला की, बाई, तुमच्या यजमानांच्या नावानं आम्ही घसा कोरडा केला, ते आमच्याकडे बघून हसले आणि उठून गेले. येताना वाटेत रॉलीकडून आणखी एक टेकू घेऊन आले होते, तो निराळाच शंख.

इथवर मी हसत होते, भावोजी. पुढचं हसण्यासारखं नाही. हरणं पळतात ह्याचं कारण तुमच्या दादांनी स्वतःशीच शोधून काढलंय. त्यांना वाटतं, त्यांच्या अंगाला म्हातारपणाचा वास येतो. माणसाला येत नाही पण हरणांना येतो, असं ते मला समजावून सांगत होते. म्हणून बिनवासाच्या साबणानं दोनदोनदा अंघोळ करतात. कपडे घरात ठेवत नाहीत, गोठ्यामागे देवदारांत टांगतात. कांदा सोडला (कांदा, भावोजी! तुमच्या दादांनी!). मागच्या आठवड्यात धनुष्य पुसता पुसता म्हणाले की, आर्डिस, यंदा नाही जमलं तर हे धनुष्य चर्चच्या नाताळच्या विक्रीत देऊन टाकू, हरणांना जे कळलं ते आपणही समजून घ्यावं. एवढं बोलले आणि पुसत राहिले. मी मोठ्यानं म्हटलं, काही वास येत नाही हो तुम्हाला! तर म्हणाले, हो, भात चालेल.

म्हणून शनिवारी मी स्वतः त्यांच्याबरोबर मचाणावर चढले. ह्या वयात शिडी चढले, माझी मीच पाठ थोपटून घेतली. दव पडलं होतं, उजाडत होतं, आणि दलदलीकडून करकोचे उठले. तुम्हाला माहीत आहे इथले करकोचे थंडीआधी कसे गोळा होतात ते. डोक्यावरून थव्यामागून थवे, आणि काय तो कल्लोळ, मचाणाच्या फळ्या हादरत होत्या! दरसाल पहिला थवा ऐकला की हे मला घरातून ओढून बाहेर नेतात. हात पिठाचे असोत, केस ओले असोत, ऐकून घ्यायचे नाहीत. लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकलं नाही. मी म्हटलं आता ह्यांचा हात माझ्या कोपराला लागेल. हे खाली सफरचंदांकडे बघत होते, बाणाची शेपटी चाचपत. मग माझ्याकडे वळले आणि त्यांना वाटतं तशा दबक्या आवाजात म्हणाले, "यंदा करकोचे आलेच नाहीत गं." वर आभाळ नुसतं ओरडत होतं. बोलून ऐकू गेलं नसतं आणि दाखवायला बोट वर उचललं असतं तर रडू फुटलं असतं. तेवढ्यात हरीण आलं, ह्यांनी दोरी ओढली, कर्र्र्र, गेलं. उतरताना शिडी त्यांनी माझ्यासाठी घट्ट धरून ठेवली.

तर असं आहे. तुम्ही काळजी करू नका, हे आपलं सहज मन मोकळं केलं, मागणं काही नाही. गुडघ्यांना शेक द्या. लॉर्नाला माझं प्रेम सांगा. निवडुंगाला पाणी कमी घाला.

तुमची,
आर्डिसवहिनी

ता. क. मागणं नाही म्हटलं खरं, पण महिनाअखेरीला तुम्ही इकडे या. तुमची खोली झाडून ठेवली आहे. तुमचं मचाणही अजून तसंच आहे, फक्त एका खारीनं बस्तान मांडलंय, तिला मी समजावते.

आणखी एक. लॉर्ना मला सगळं सांगते हे तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं. तुमच्या दोन्ही कानांत वसंतापासून ती ऐकायची यंत्रं आहेत आणि तुम्ही जेवतानासुद्धा टोपी कानांवर ओढून बसता, हे मला मे महिन्यातच कळलं. म्हणजे तुमचा तो मुंगीच्या पावलाचा टेकू कसा वाजतो हे आता तुम्हाला ऐकू येत असणार! भावाला चित्र धाडलंत, पण खरं कळल्यावर दोन ओळी नाही धाडल्यात. लाज वाटली म्हणून गप्प बसलात ना? मला राग नाही, पण भरपाई करा. येताना टोपी घालू नका. दारातून आत आल्याबरोबर तुमच्या दादांना दिसू द्या कानांत काय आहे ते. माझं ऐकून ते यंत्र कधी घेणार नाहीत, डॉक्टरचं ऐकून घेणार नाहीत. पण गेलनकडे आहे म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत पायरीवर जाऊन बसतील आणि तुमच्यापेक्षा मोठं मागतील.

आताच हे आत येऊन विचारून गेले की एवढं काय लिहितेस. मी म्हटलं, भावोजींना बोलावतेय. म्हणाले, कालवतेयस तर मीठ बेतानं घाल.

शेवटचं, आणि हे लॉर्नालाही वाचून दाखवू नका. पायाला फोड येऊ नये म्हणून बुटात लावायचं ते चिकट मऊ कापड असतं ना, त्याचा नखाएवढा तुकडा टेकूवर लावला की टेकू मुका होतो. रॉलीनं तो माझ्या मुठीत कोंबला त्या दिवसापासून माझ्या एप्रनच्या खिशात आहे. रोज हात लागतो. लावला तर रविवारपर्यंत घरात हरीण येईल, धनुष्य विक्रीला जायचं नाही, वासाचं खूळ जाईल, कांदा परत येईल. पण मग कानांत काही बिघडलंय हे ह्यांना जन्मात पटणार नाही. म्हणून लावत नाहीये. रोज ते तोंड पाडून शिडी उतरतात आणि मी कापड खिशात दाबून भात वाढते, हे फार दिवस जमायचं नाही मला. दलदल गोठली की करकोचे जातात. त्याच्या आत या.