बाबांचा पितळी बिल्ला

बोखुम, जर्मनी. रविवार, संध्याकाळ

इराचं शाळेचं पोस्टर उद्या द्यायचंय. आजोबांच्या फोटोखाली तिने ‘इंजिनिअर’ लिहिलंय, कारण मी तिला कायम तेच सांगत आले. खरं तर बाबा चंद्रपूरच्या कोळसा खाणीत फावड्याने डबे भरायचे. खाणीत उतरताना जमा करायचा आणि वर आल्यावर परत घ्यायचा, तो त्यांचा बिल्ला मी किल्ल्यांना अडकवलाय.

आज जिन्यात किल्ल्या पडल्या. खालच्या मजल्यावरच्या क्रामरांनी उचलल्या, बिल्ला अंगठ्याने पुसला. वडिलांचा आहे, मी म्हटलं. तेही जुने खाणकामगार.

“वडील खाली खाणीत काय करायचे?”

“इंजिनिअर होते.” इरा शेजारीच उभी होती.

“आल्झो, म्हणजे साहेब,” ते हसले. “मी आपला फावडेवाला.”

बाबांची लाज वाटते मला? नाही. मग आजही मी ‘इंजिनिअर’ का म्हणाले?

जेवताना इराला खरं सांगितलं. ती जर्मनमध्येच म्हणाली, “मग क्रामरांसमोर का नाही बोललीस?” तिने ‘इंजिनिअर’ खोडलं. त्या कामाला जर्मनमध्ये काय म्हणतात, हे विचारायला आता बिल्ला घेऊन क्रामरांकडे गेलीय. एकटीच.

मी इथे लिहीत बसलेय.