पिवळे तास

प्रिय ज्योतीरामभाऊ,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. हसू नका, चाकणच्या पोस्टात पाकीट मागितलं तेव्हा तिथला माणूसही हसला. पूनमवहिनी बऱ्या असतील. तुमच्या आई, कौशल्याकाकू, अजून दार उघडं दिसलं की भान विसरून रस्त्याला लागतात का?

तुम्ही गेल्यापासून डिझाइन खातं फार गप्प झालंय. कामाचे तास भरायला आपली सगळ्यांची एकच शीट होती तेव्हा शनिवारी कसला गोंधळ असायचा! एकाने फाइल उघडली की बाकीच्यांची अडकायची, मग तुमची हाक यायची, "कोण बसलंय शीटमध्ये? उठा की राव, आम्हालाबी तास भरू द्या!" एकदा सुजितने सगळ्यांच्या आठवड्यावर स्वतःचा आठवडा चिकटवला आणि कागदोपत्री आपण सहाही जण एकाच फिक्स्चरच्या ड्रॉइंगवर राबलो. त्या कटकटीला कंटाळूनच मी साहेबांना म्हटलं, मी नवा डेटाबेस करते. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, सगळ्यांनी एकाच वेळी भरा, कुणाचं कुणावर पडणार नाही. चार महिने खपले त्यात. तो छान चालतो, हे लिहितानाही लाज वाटते.

शीटमधला आपला रिवाज साहेबांना कधीच कळला नाही. एखाद्याला लवकर जावं लागलं की त्याचं काम दुसरा थांबून करायचा, तास जाणाऱ्याच्याच नावावर भरायचा आणि चौकोन पिवळा करून टिपेत स्वतःचं नाव लिहायचा. परतफेड सवडीने व्हायची. वहिनींना कामावर दुसरी पाळी लागली की काकू घरी एकट्या पडायच्या, म्हणून यंदा तुम्ही कितीदा दुपारीच देहूरोडचं घर गाठलंत. काम कधी मागे राहिलं नाही. पण मी यंदाचे तास नव्यात ओतायला घेतले, तेव्हा तुमचे पिवळे तास गेटवरच्या हजेरीशी जुळेनात. माझ्या रचनेत रंगाला जागा नव्हती, टिपेलाही नव्हती. मी ते 'न जुळणाऱ्या नोंदीं'त टाकले आणि यादी साहेबांना पाठवून मोकळी झाले. मला सगळं ठाऊक होतं, भाऊ. एक रकाना वाढवायला दहा मिनिटं लागली असती. पण मला माझं काम स्वच्छ दिसायला हवं होतं.

केबिनमध्ये साहेबांनी विचारलं, तुम्ही नव्हता तर काम कुणी केलं? जे थांबले त्यांची नावं तुम्ही घेतली असती तर कदाचित सुटला असता. मी शेजारीच लॅपटॉप घेऊन बसले होते आणि मीही आपला रिवाज सांगितला नाही. साहेबांनी मागितलेल्या राजीनाम्यावर सही करायला तुम्ही पेन माझ्याकडेच मागितलंत.

गेल्या आठवड्यात मी जुनी वर्षं भरायला घेतली. माझी आई पिंपरीच्या दवाखान्यात होती, तो महिना आला. तेव्हा मी नवी होते, रिवाज ठाऊक नव्हता, रजा संपली होती, रोज दुपारीच पळायचे. महिनाअखेरी माझे तास पूर्ण निघाले तेव्हा वाटलं, साहेबांनीच सांभाळून घेतलं. आई घरी आल्यावर त्यांना पेढे नेऊन दिले. आता ती ओळ उघडली, तर एकवीस चौकोन पिवळे आणि प्रत्येक टिपेत 'ज्योतीराम'. तुम्हाला तर पेढाही मिळाला नसेल.

काल मी तो रकाना वाढवला, 'काम प्रत्यक्ष कुणी केलं' असा. पहिल्या एकवीस नोंदी माझ्या आहेत, पुढे तुमचं नाव. सोमवारी त्या नोंदींचा कागद घेऊन मी केबिनमध्ये जाणार आहे. साहेबांनी एकतर मलाही काढावं, नाहीतर तुम्हाला परत बोलवावं. माफी मागायला मला तोंड नाही. त्या दिवशी तुम्ही एवढंच म्हणू शकला असता, की हिचेही तास मी भरलेत. तुम्ही म्हटलं नाहीत, आणि मी तुम्हाला पेन दिलं. सोमवारी दुपारी फोन वाजला तर तेवढा एक उचला.

अजून बहीण म्हणत असाल तर तुमचीच,
विजयश्री